दिलेल्या माहितीवरून

समुद्रकाठच्या त्या वेल्श गावात ग्विलिम प्रॉसर सव्वीस वर्षं नगरपालिकेचे पूल तपासत होता. आता त्याच कामासाठी त्याला नव्याने अर्ज करायचा होता आणि तर्कशक्तीची परीक्षाही द्यायची होती.

"परीक्षेत नापास झालेला एकही माणूस नोकरीत राहणार नाही," नव्या विभागप्रमुख मिस क्रॅडक यांनी सभेत बजावलं होतं.

बायको नेरिस रोज चहाबरोबर शिकवणी घेऊ लागली.

"'लोखंडी पुलांना दरवर्षी रंग लागतो. हा पूल लोखंडी आहे.' मग याला दरवर्षी रंग लागतो. खरं, खोटं, की सांगता येत नाही?"

"खोटं. सहा वर्षांनी लागतो. मी स्वतः..."

"तुला कोण विचारतंय? उताऱ्यात आहे तेवढंच बघ! आता हे. 'गंजलेला एकही पूल चालू ठेवत नाहीत. हा पूल गंजलेला नाही.' मग तो चालू राहणार?"

"राहणारच!"

"कुठे लिहिलंय?"

ग्विलिम हळूहळू सुधारला. आपल्याला जे ठाऊक आहे तेच आड येतं, हे त्याला पटलं. बाहेर पाऊस आहे का विचारलं, तर ओल्या कोटातून पाणी निथळत असताना तो म्हणे, "सांगता येत नाही."

परीक्षेत तो पहिला आला. खाणीत नोकरी देऊ केलेल्या मेव्हण्याला त्याने त्याच मिनिटाला फोन लावला.

"एम्रिस, तुझी खाणीतली मुकादमी तुलाच लखलाभ!"

"नीट विचार कर हं, भावजी. दुसरा माणूस दारात उभाय."

"दे त्याला!"

एम्रिसने दिली.

दुसऱ्या दिवशी तव्यावरच्या गोड वड्यांचा डबा घेऊन ग्विलिम ऑफिसात गेला. मिस क्रॅडक यांनी एक वडी उचलली.

"छान झाल्यात. पूल तपासणी आता बाहेरची कंपनी करेल. सगळी पदं रद्द."

"पण मी पास झालोय! तुम्हीच म्हणालात..."

"नापास झालेला राहणार नाही, म्हणाले. पास झालेला राहील, असं कधी म्हणाले?" त्यांनी बोटांवरची साखर पुसली. "अकरावा प्रश्न असाच होता, मिस्टर प्रॉसर. तुम्ही अचूक सोडवलात."

उरलेला डबा घेऊन तो घरी आला. नेरिसने नवा टेबलक्लॉथ अंथरला होता.

"पहिला आलास! आता निवृत्तीपर्यंत नोकरीची काळजी नाही."

ग्विलिमने डबा टेबलावर ठेवला.

"कुठे लिहिलंय?"