दिवाणांच्या डोक्याने महाराजांस वीज दिल्याची हकीकत

श्रीगजाननास नमन. ज्याचे मस्तक एकदा बदलोन बरे जाहले, त्याने या मस्तकाच्या हकीकतीसही सांभाळून घ्यावे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, ते साली एका राज्याचे महाराज उत्तरेच्या मोहिमेतून परतले, आणि परतले ते मुकेच. ना बोलणे, ना हसणे, धाकटी लेक चिमाबाई मांडीवर येऊन बसली तरी नजर भिंतीकडे, आणि पगडी निजतानाही उतरवीनात. राणी सगुणाबाईसाहेब यांचा जीव तिळतिळ तुटू लागला. मग वीजवैद्य नागोराव यांस पाचारण जाहले. त्यांनी अर्ज केला की, मस्तकावर दोन पट्ट्या लावून मंद वीज सोडितो, मन ताळ्यावर येईल. परंतु वीज कवटीचा कोट कोठे ओलांडते, आतील पाण्यात किती वाहून जाते आणि मेंदूस किती पोहोचते, याचा नकाशा आधी पाहिजे, सबब महाराजांनी पगडी उतरवावी. तेव्हा दिवाण विसाजीपंत कडाडले, "धन्याचे मस्तक परक्याने उघडे पाहिले, ऐसे या गादीस कधी घडले नाही! आमचे घ्या." आणि दिवाणांचे मस्तक गोल, गुळगुळीत, मापास फार सोयीचे. मग त्याचाच नकाशा जाहला. वीज जास्त तेथे तांबडा रंग, कमी तेथे निळा. दिवाणांस वाटले, तांबडे म्हणजे अक्कल. तेव्हा चिताऱ्यास दटावून त्यांनी कपाळभर तांबडे भरविले, आणि नागोरावांनी आपल्या पोटापाण्याकडे पाहून मान डोलाविली.

मग भरदरबारी पगडीखालून पट्ट्या सारिल्या, आणि दिवाणांच्या नकाशाबरहुकूम वीज सोडिली, आणि महाराजांचा उजवा डोळा मिचकला. पुन्हा मिचकला. सरदारांनी अदबीने उलट डोळे मिचकाविले, आणि "स्वारी प्रसन्न जाहली" म्हणोन साखर वाटिली. राणीसाहेबांनी जवळ जाऊन पाहिले, तो त्या डोळ्यात पाणी होते. मग त्यांनी वीज बंद करविली आणि सर्वांदेखत स्वहस्ते पगडी उतरविली. कानाच्या वर हाडास रुपयाएवढे भोक, आणि त्यावर नुसती कातडी धडधडत होती. नागोराव म्हणाले, "बाईसाहेब, सारी वीज येथूनच आत लोटली. नकाशात हे भोक नव्हते." दिवाण म्हणाले, "मोहिमेतील जखम भरली ऐसे दफ्तरी लिहिले आहे. सबब भोक नाही." राणीसाहेब म्हणाल्या, "तर मग विसाजीपंत, तुमच्याच डोक्यास एक पाडू. नकाशा तरी खरा होईल." आणि दिवाणांनी दोन्ही हातांनी आपले गुळगुळीत डोके झाकिले, तो महाराज हसले. हसता हसता रडले, आणि म्हणाले, "चिमे, इकडे ये."

येणेप्रमाणे जाहले. पुढे महाराजांच्या स्वतःच्या मस्तकाचा नकाशा निघाला, आणि बेताची वीज देऊन पुष्कळ गुण आला. परंतु दरबारात टांगला आहे तो दिवाणांचाच, आणि रयतेचे उपचार आजही त्याच डोक्याबरहुकूम चालतात. महाराज हसले, हे दफ्तरी नाही. सबब येथे लिहिले.