पाच वर्षांची मुलं वाचत नाहीत

"किती वर्षांची आहेस तू?" स्टिअरिंगवर बोटं वाजवत संजीवने विचारलं.

"एट," मागच्या सीटवरून सिया म्हणाली.

"परत एकदा."

"फाइव्ह. बट बाबा, आय ॲम ऑलमोस्ट नाइन."

"ते घरी. घरी तू आठच आहेस. गेटवर पाच."

सियाने खिडकीबाहेर बघत यावर थोडा विचार केला. बाहेर टेक्ससचं वाळलेलं गवत आणि मधूनच एखादी गाय, एवढंच होतं. "इज इट लाइंग?"

"नाही गं. ते डिस्काउंट आहे."

शेजारी बसलेली त्याची बायको दीपा हसली. "तुझं एस.टी.तलं हाफ तिकीट मिशा फुटल्यावरच बंद झालं असेल ना रे?"

"मिशा फुटल्यावरही एक उन्हाळा चाललं," संजीव म्हणाला. "कंडक्टर आला की आई सांगायची, गुडघे वाकव. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत वाकून उभा राहायचो. त्यात काय, शाळेत पहिला यायचोच की."

हे तिघं अर्विंगहून निघून फोर्ट वर्थच्याही पुढे एका गावाकडे चालले होते. तिथे शनिवारी संध्याकाळी स्पीडवे असतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचं, तर स्पीडवे म्हणजे मातीच्या लंबगोल वाटेवर मोटारसायकलींची शर्यत. एका वेळी चारजण, चार फेऱ्या, आणि गाड्यांना ब्रेक नाहीत. शर्यत सुरू होताना चौघांसमोर एक फीत आडवी ताणलेली असते. बटण दाबलं की फीत वर उडते आणि गाड्या सुटतात. दर शनिवारी एका शर्यतीचं बटण प्रेक्षकांतल्या एखाद्या मुलाला दाबायला मिळतं. गेल्या महिन्यात ते सियाच्या वर्गातल्या इलाला मिळालं होतं, आणि तेव्हापासून वर्गात दुसरा विषय नव्हता. इला आता पेन्सिलसुद्धा त्याच बोटाने उचलायची म्हणे.

सियाला ते बटण दाबायचं होतं. ती महिनाभर रोज तेच सांगत होती. संजीवने ऐकलं होतं, पण त्याचं लक्ष तिकिटाच्या दराकडे होतं. मोठ्यांना पंचवीस डॉलर, मुलांना अर्धं आणि सहा वर्षांखालच्यांना फुकट. सियाची चण लहान, समोरचा एक दात पडलेला. हिशेब आपोआपच जुळला.

पार्किंगमध्ये उतरल्यावर शेवटच्या सूचना झाल्या. थर्ड ग्रेडचं नाव काढायचं नाही. हात धरून चालायचं. कुणी काही विचारलं की बुटांकडे बघायचं.

तिकिटाच्या खिडकीत पांढऱ्या केसांच्या, दोरी लावलेला चष्मा घातलेल्या एक बाई होत्या. खिडकीच्या वर मोठा काळा फळा होता. सियाने मान वर केली.

"बाबा, इट सेज टुनाइट ऑल..."

संजीवने तिच्या डोक्यावर हात ठेवून तोंड आपल्याकडे वळवलं. "पाच वर्षांची मुलं वाचत नाहीत," तो मराठीत, म्हणजे बाईंना कळणार नाही अशा बेताने म्हणाला.

"मी फाइव्हची होते तेव्हा वाचत होते."

"मोठ्याने नाही."

बाई खिडकीतून वाकून प्रेमाने सियाला वय विचारू लागल्या. सियाने आधी बुटांकडे पाहिलं, मग फळ्याकडे, मग बाबांकडे. "फाइव्ह," ती म्हणाली. बाईंनी तिच्या मनगटावर लाल पट्टी चिकटवली आणि फक्त दोघांचे पैसे घेतले. संजीवने दीपाकडे असं पाहिलं, जणू गुडघे न वाकवता अमरावती आली.

आत जाताना सियाचं लक्ष बाकीच्या मुलांच्या मनगटांकडे होतं. "बाबा, त्यांचे बँड ब्लू आहेत. त्यांना नंबर आहे. माझ्या बँडवर नंबर नाही."

"फुकटाला नंबर कशाला लागतो?" संजीव म्हणाला.

ते जाऊन बसले. ऊन उतरत होतं तरी बाकं तापलेली होती. शेजारी स्वतःची उशी घेऊन आलेले एक म्हातारे गृहस्थ होते. पहिली शर्यत सुरू झाली. फीत उडाली, गाड्या किंचाळल्या, वळणावर चौघंही आडवे होऊन मातीचे फवारे उडवत गेले. संजीव नीट सावरून बसेपर्यंत शर्यत संपली.

"हे काय?" तो म्हणाला. "झालं?"

"झालं," दीपा म्हणाली.

मग एक ट्रॅक्टर आला आणि माती सारखी करत सावकाश फिरू लागला. त्याच्यामागे पाण्याची गाडी आली. संजीवचा पाय हलू लागला. तो अस्वस्थ झाला की त्याचा उजवा पाय हलतो आणि अख्खं बाक त्याच्याबरोबर हलतं. दुसरी शर्यतही मिनिटभरात आटोपली आणि पुन्हा ट्रॅक्टर आला.

"यार दीपा, आपण पंचवीस डॉलर देऊन ट्रॅक्टर बघतोय. ट्रॅक्टर मला आमच्या काकांकडे फुकट बघायला मिळायचा, वर बसायलाही मिळायचं."

"तू बस ना शांत. बाक हलतंय."

"मी व्हॅल्यू फॉर मनीबद्दल बोलतोय."

त्यातले तीन इंग्रजी शब्द शेजारच्या म्हाताऱ्यांना समजले. ते म्हणाले, "आम्ही त्या एका मिनिटाचेच पैसे देतो. मधला वेळ फुकट असतो." आणि त्यांनी उशी सरकवून संजीवला थोडी जागा करून दिली. बहुधा त्यांचंही बाक हलत होतं.

सियाही शांत नव्हती. निळ्या पट्ट्यांची मुलं बटणाजवळच्या कठड्यापाशी गोळा झाली होती आणि एकमेकांचे नंबर वाचून दाखवत होती. ती लाल पट्टी मनगटावर उलटी-सुलटी करून बघत होती. मागच्या बाजूलाही काही नव्हतं.

तेवढ्यात पिवळं जाकीट घातलेली एक उत्साही मुलगी पायऱ्या चढून आली आणि सियाची पट्टी बघून आनंदली. लाल पट्टीवाल्यांची शर्यत होती. सहा वर्षांखालच्या मुलांची, पॅडल नसलेल्या, पायांनी ढकलायच्या छोट्या सायकलींची.

"नको, ती लाजते," संजीव घाईने म्हणाला.

"लहान मुलं सगळीच लाजतात," ती मुलगी म्हणाली आणि सियाचा हात धरून निघाली.

"जा आता," दीपा संजीवला म्हणाली, "जाऊन सांग तिला, आमची लहान मुलगी लहान नाही म्हणून."

संजीव उठला, आणि पुन्हा बसला.

खाली पाच मुलं एका रेषेत उभी केली होती. त्यांतली चार सियाच्या खांद्याखाली होती. सायकलीवर बसल्यावर तिचे गुडघे हँडलच्या वर आले. तिने बाबांकडे एकदा पाहिलं, आणि ती काय ठरवतेय हे दीपाच्या लक्षात आलं. "ती हरणार आहे बघ. मुद्दाम. आपण जिंकलो तर ते चीटिंग होईल, असं डोक्यात घेतलंय तिने."

"हरू दे," संजीव म्हणाला. "लवकर हरू दे."

पण हरायलाही समोरून थोडी मदत लागते. शिट्टी वाजली. एक मुलगा सायकल टाकून खाली बसला आणि खिशात माती भरू लागला. एक मुलगी आईला शोधत उलट दिशेने निघाली. तिसऱ्याला ट्रॅक्टर दिसला आणि तो तिकडे गेला. उरला एक गोरटेला, हेल्मेटमध्ये नाकापर्यंत बुडालेला. सिया शक्य तितकी हळू चालली होती. तो मागे राहिला म्हणून ती थांबली. ती थांबली म्हणून तोही थांबला. ती एक पाऊल पुढे गेली, तसा तोही गेला. मग हेल्मेटमधून रडण्याचा आवाज आला. सियाने एका हाताने त्याचा हात धरला आणि त्याला रेषेकडे नेऊ लागली.

लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. दोघांची चाकं रेषेपाशी पोचली. पण सियाचे पाय लांब होते, त्यामुळे तिचं चाक आधी गेलं.

टोपीवाले निवेदक माईक घेऊन खाली आले. एवढ्या लहान वयात एवढं मोठं मन आपण पाहिलं नव्हतं, असं त्यांनी सगळ्या मैदानाला सांगितलं. मग माईक सियाच्या तोंडाशी धरून विचारलं, "चॅम्पियन, किती वर्षांची आहेस तू?"

सियाने बुटांकडे पाहिलं. बुटांवर माती होती. मग तिने वर, बाबांकडे पाहिलं. सगळं मैदान तिकडे बघू लागलं. संजीवचा हात आपोआप वर गेला आणि त्याची पाचही बोटं उघडली.

"ॲट द गेट, फाइव्ह," सिया माईकमध्ये स्वच्छ आवाजात म्हणाली. "ॲट होम, एट."

क्षणभर फक्त ट्रॅक्टरचा आवाज आला. मग कुणीतरी मागच्या रांगेत हसलं आणि हसू पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलं. संजीवने हात खाली घेतला, पण बोटं कुठे ठेवावीत हे त्याला समजेना. शेजारचे म्हातारे त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "मी इथे इतकी वर्षं येतोय. तीन वर्षांची सूट मला कुणी दिली नाही."

सियाने आपणहून बक्षिसाचा कप हेल्मेटवाल्याला देऊन टाकला. तो कप डोक्यावर घालून बघत होता.

संजीव तिला घेऊन तडक तिकिटाच्या खिडकीकडे निघाला. खिशातून पाकीट आधीच बाहेर आलं होतं. "मॅम, माझी चूक झाली. ही आठ वर्षांची आहे. मुलांचं अर्धं तिकीट द्या."

बाईंनी चष्मा नाकावर चढवला आणि बोट वर केलं. संजीवने पहिल्यांदाच तो फळा वाचला. आज शाळांना उन्हाळी सुट्टी लागल्याचा शनिवार, बारा वर्षांपर्यंतची सर्व मुलं फुकट, असं त्यावर हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं.

"मग वय कशाला विचारलंत?"

"पट्टीचा रंग ठरवायला," बाई म्हणाल्या. "लाल पट्टी सहाच्या आतल्यांना. निळीवर नंबर असतो, बटणाच्या सोडतीसाठी." त्या निळी पट्टी शोधू लागल्या आणि तेवढ्यात लाऊडस्पीकरवर एक नंबर पुकारला गेला. कठड्यापाशी कुणीतरी आनंदाने ओरडलं. बाईंचा हात थांबला.

सिया रडली नाही. रडली असती तर संजीवला बरं वाटलं असतं. ती नुसती फळ्याकडे बघत म्हणाली, "मी वाचत होते, बाबा."

आत फीत उडाल्याचा आवाज आला, गाड्या किंचाळल्या आणि गप्प झाल्या.

परतीच्या वाटेवर फोर्ट वर्थ मागे पडलं. मग संजीव म्हणाला, "नेक्स्ट सॅटर्डेला परत येऊ."

"तुझी व्हॅल्यू?" दीपाने विचारलं.

"असू दे."

पुढच्या शनिवारी मुलांना अर्धं तिकीट होतं. बाईंनी तोंड उघडण्याआधीच संजीव म्हणाला, "आठ." सिया मान वर करून फळा वाचू लागली. वरपासून खालपर्यंत, एकही ओळ न गाळता, मोठ्याने. मागे रांग खोळंबली. संजीवने तिला थांबवलं नाही. शेवटची ओळ खडूने नव्याने लिहिलेली होती: मुलांचं वय विचारल्यास कृपया घरचं सांगावं.

"दॅट्स अस, बाबा," सिया म्हणाली.

"पुढे हो," संजीव म्हणाला.

तिला निळी पट्टी मिळाली, नंबरही मिळाला, पण तो पुकारला गेला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. दीपा म्हणाली, इतक्या तिकिटांत घरी फीत आणि बटण दोन्ही बसवलं असतं. पण संजीव दर शनिवारी गाडी काढत राहिला. खिडकीशी जाऊन रुबाबात "आठ" म्हणत राहिला. त्याने स्वतःची उशीही घेतली. एकदा मागच्या रांगेत कुणीतरी हे सारखं ट्रॅक्टरच दाखवतात अशी कुरकुर केली, तेव्हा संजीवने वळून सांगितलं, "पैसे त्या मिनिटाचे असतात हो. मधला वेळ फुकट." उशीवाल्या म्हाताऱ्यांनी मान डोलावली. संजीवचा पाय मात्र हलत होता, कारण सोडत व्हायची होती.

आणि त्या शनिवारी सियाचा नंबर लागला.

निवेदकांनी तिला लगेच ओळखलं. तिला बटणापाशी उभं करून त्यांनी माईक पुढे केला आणि सगळं मैदान आपोआप शांत झालं. "तर मग, आज किती वर्षांची?"

संजीव उभा राहिला. दोन्ही हात वर करून त्याने अभिमानाने आठ बोटं दाखवली.

सियाने बाबांकडे पाहिलं. मग माईककडे.

"ॲट द गेट, एट," ती म्हणाली. "ॲट होम, नाइन. सिन्स ट्यूसडे."

दीपाने डोक्याला हात लावला. "अरे, मंगळवारी केक तूच आणलास ना?"

लोक हसत होते. संजीव आठ बोटं हवेत धरून तसाच उभा होता. मग त्याने हळूच नववं बोट उघडलं. त्याच वेळी खाली सियाने बटण दाबलं, फीत उडाली आणि चार गाड्या सुटल्या. त्यांत कोण जिंकलं, हे संजीवने पाहिलं नाही. तो सियाच्या बोटाकडे बघत होता.

"फार पटकन झालं रे," शर्यत संपल्यावर दीपा म्हणाली.

"नाही गं," संजीव खाली बसत म्हणाला. बाक हलत नव्हतं.