सुंदराबाई सापडल्या आहेत

निंबाने बायकोला, ताराला, ठणकावून सांगितलं, "हातात मोबाइल असल्यावर सुरतेत माणूस हरवतं का? हरवून दाखव म्हणावं!"

असं बोलायचा हक्क त्याला होताच. त्याची आई, सुंदराबाई, हल्ली फार विसरायला लागली होती. त्या दिवशी सकाळी ती भेस्तानच्या घरातून निघाली आणि दिसेनाशीच झाली. निंबा पांडेसऱ्याच्या मिलमधून, रंगाने कोपरापर्यंत निळे झालेले हात घेऊन, तसाच पळत आला. फोटो, नाव, नंबर घालून 'आई हरवली आहे' असा मेसेज त्याने समाजाच्या ग्रुपवर सोडला, आणि दुपारच्या आत कुणीतरी म्हातारीला दारात आणून उतरवलं! तारा हुंदके देऊन रडली. निंबाने फोन देव्हाऱ्यात ठेवायचाच बाकी होता.

आई सापडली, पण मेसेज फिरतच राहिला.

दुसऱ्या दिवशी सुंदराबाई समोरच्या गल्लीत कोथिंबीर घ्यायला गेली, तर एका रिक्षावाल्याने तिला रिक्षात कोंबलंच. "बा, चालो, तमारो दीकरो शोधे छे!" कोथिंबीर तिथेच राहिली आणि म्हातारी घरी! मग मंदिराच्या पायरीवरून दोन पोरी तिला दंडाला धरून घेऊन आल्या. एकदा तर ती स्वतःच्या ओट्यावर बसली होती, तिथून एका भल्या माणसाने तिला उचलून पोलीस चौकीत नेलं! पलसाण्याहून फोन, नंदुरबारहून फोन: "दादा, तुमची आई इथं एसटी स्टँडवर बसलीय!" आणि आई समोर ताटात भाकरी कुस्करतेय.

"मी चोर शे का रे?" एके दिवशी तिने विचारलं. "जो तो धरस माले."

त्यानंतर ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेना. खिडकीत कुणी डोकावलं तरी पदर तोंडावर ओढायची.

निंबाला ते बघवेना. त्याने ठळक अक्षरांत नवा मेसेज टाकला: 'सुंदराबाई सापडल्या आहेत. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नये.' हा मेसेज पहिल्याच्या दुप्पट वेगाने पळाला. फोन थांबले, रिक्षावाले थांबले. घरात जरा शांतता आली.

आणि एक दिवस तारा गॅसचं सिलिंडर आत ओढत होती, तेवढ्यात सुंदराबाई उघड्या दारातून खरंच निघून गेली.

निंबाने पुन्हा फोटो टाकला. उत्तरं धडाधड आली. 'भाऊ, आजी सापडली आहे.' 'अफवा पसरवू नका!' 'अरे, मी तिचा मुलगा बोलतोय!' असं तो टाइप करतोय, तोवर ग्रुपचा ॲडमिन ललित याने त्याला ग्रुपमधून काढूनच टाकलं!

मग उरले पाय. भर उन्हात निंबा गल्लीबोळ पालथे घालत, दिसेल त्याला विचारत उधन्यापर्यंत गेला. स्टेशनबाहेर, भिंतीच्या कडेला आई बसली होती. पायांत चपला नव्हत्या, तळव्यांना फोड आलेले.

"माय!" त्याने तिचा हात धरला.

"सोड!" ती किंचाळली. "कोन शे तू?"

झालं! माणसं धावली. "म्हाताऱ्या बायका पळवतो साला!" कुणी कॉलर धरली, कुणी थोबाडीत दिली. पाण्याचा घोट कुणी म्हातारीला दिला नाही, मोबाइल मात्र सगळ्यांनी वर धरले. मार खाता खाता निंबाने कसाबसा ताराला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर तारा दिसताच म्हातारीचा चेहरा फुलला. "हाई मनी सून शे!"

गर्दी पांगली. माफी कुणी मागितली नाही.

घरी आल्यावर तारा सासूचे पाय कोमट पाण्याने धुवत होती, तेव्हा निंबाचा फोन वाजला. नात्यातल्याच कुणीतरी व्हिडिओ पाठवला होता: 'सावधान! म्हाताऱ्या बायका पळवणारा उधन्यात पकडला!' शर्ट फाटलेला, केस विस्कटलेले, हात जोडून रडणारा निंबा.

सुंदराबाईने वाकून बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले.

"हाऊ कोना पोऱ्या शे रे?" ती म्हणाली. "हरपना का बिचारा? त्यानी मायले कोनीतरी सांगा ना!"