बादलमहालातला शरद-शोभना लेख

निवृत्त गृहस्थाने सपत्नीक ऐतिहासिक वास्तू पाहायला जाणे, ही घटना वरकरणी निरुपद्रवी असते. इंदूरच्या शरदचंद्र मुजुमदारांच्या बाबतीत ती तशी नव्हती. महूच्या पुढचा पडका बादलमहाल त्यांनी लग्नानंतर छत्तीस वर्षं यशस्वीपणे टाळला होता. कधी रस्ता खराब होता, कधी गुडघा, आणि एका वर्षी तर त्यांनी तिथे बिबट्यासुद्धा सोडला होता. कारण एवढंच, की कॉलेजच्या सहलीत त्यांनी तिथल्या पश्चिमेकडच्या भिंतीवर, कर्कटकाने, अर्धा तास खपून एक मजकूर कोरला होता : 'शरद', मग बाण घुसलेला बदाम, मग 'शोभना', आणि खाली '८१'.

पत्नीचं नाव सुमेधा होतं.

"अहो, पेपरात आलंय, तिथे सापडलेल्या शिलालेखाला पुरस्कार मिळाला म्हणून," सुमेधाताई म्हणाल्या. त्या इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. पुढे बोलायची सोय नव्हती. "अख्खी कॉलनी बघून आली. आपणच राहिलो."

"तिकडे बिबट्या..."

"तो वारला असेल आता. पोहे भरून घेतलेत, निघा."

पोहे महूलाच संपले. महालात पोचल्यावर शरदचंद्रांना दिसलं, की पश्चिमेकडच्या भिंतीला काच लावली आहे, पुढे कठडा आहे, आणि कठड्याशी एक बंदूकधारी उभा आहे. फलक असा होता : 'शरद-शोभना लेख. इ. स. १७८१ (पहिले दोन अंक झिजलेले). मध्यभागी बाणयुक्त पिंपळपर्ण, हे तत्कालीन राजचिन्ह. स्पर्श करू नये.'

शरदचंद्रांचा गुडघा छत्तीस वर्षांत प्रथमच खरोखर दुखला. पण दोन शतकांचं अंतर मध्ये आहे, हे ध्यानात येताच त्यांना हायसं वाटलं. संसार वाचला होता. आता फक्त गप्प राहायचं होतं.

"देखो काकाजी," गाइड पुष्कर सुरू झाला, "हे शरदसिंग, इथले सरदार. आणि शोभना, महालातली दासी. दोघांचं जबरदस्त प्रेम. मग एक दिवस दुश्मन आला."

"अगंबाई! मग?" सुमेधाताईंनी पदर डोळ्यांना लावला.

"मग काय काकीजी, शरदसिंग मागच्या दाराने पळाला. एकदम डरपोक निघाला. ती बिचारी याच भिंतीशी वाट बघत बसली."

अठरावं शतक शरदचंद्रांनी सोसलं होतं. पिंपळाचं पानही सोसलं होतं. हे मात्र सोसेना.

"पळालं कोण? तिच्या वडिलांची जबलपूरला बदली झाली! रेल्वेत होते ते!"

१७८१ साली रेल्वे नव्हती, हे सर्वांत आधी इतिहासाच्या शिक्षिकेच्या लक्षात आलं.

"कोणाच्या वडिलांची?" त्यांनी विचारलं. पदर डोळ्यांवरून खाली आला होता.

पुढचं सगळं शरदचंद्रांनी खाली मान घालून सांगितलं. पुष्करने धावत जाऊन प्रभारी अधिकारी विनीता मॅडमना आणलं.

"सदर लेख आपला असल्याचा आपला दावा आहे?"

"दावा कसला, माझाच आहे. दंड करा, पण ते 'डरपोक' तेवढं काढा."

"दंडाचं नंतर बघू. या लेखावर विभागाला पुरस्कार मिळालाय. दोघांची पीएच.डी. झालीय. तुम्हाला असं एकाएकी जिवंत होता येणार नाही." मॅडमनी फाइल उघडली. "हस्ताक्षराचा नमुना द्या. कागदावर चालणार नाही. मूळ लेख दगडावर आहे."

मग शेजारची कोरी भिंत नमुन्यासाठी अधिकृतपणे मोकळी करण्यात आली. पुष्करने कोरायला स्कूटरची चावी दिली. बंदूकधाऱ्याने ऊन लागू नये म्हणून छत्री धरली.

"मजकूर तोच हवा का?" मागे सुमेधाताईंचा श्वास ऐकू येत होता, म्हणून शरदचंद्रांनी विचारलं.

"पहिलं नाव तेच हवं. दुसरं ऐच्छिक."

शरदचंद्रांनी कोरलं : 'शरद', बदाम, 'सुमेधा'. बदाम खबरदारी म्हणून दुप्पट आकाराचा काढला.

मॅडमनी भिंग लावून दहा मिनिटं पाहिलं. "तंतोतंत जुळतंय."

"म्हणजे सिद्ध झालं?"

"झालं ना. हा लेखही अठराव्या शतकातलाच आहे."

दुसरा कठडा लागला. पुष्करने पुठ्ठ्यावर तात्पुरता फलक लिहिला : 'शरद-सुमेधा लेख. सुमेधा ही सरदाराची द्वितीय पत्नी.'

"द्वितीय?" हा आवाज ऐकून पूर्वी पन्नास मुलं एकदम बसत. "मॅडम, मी पहिली आहे. पहिली आणि एकटी!"

"ताई, क्रम भिंतीवर आहे. आम्ही काय करणार?"

"छत्तीस वर्षं मला बिबट्या सांगितला यांनी! आणि वर मी द्वितीय? अर्ज द्या इकडे. हरकत घेते."

"जरूर घ्या." मॅडमनी अर्ज दिला. सुमेधाताई तावातावाने लिहू लागल्या. "हरकत आली की नियमाने सगळ्या भिंतींचं वाचन होतं. दोन हजारांवर लेख आहेत. नावं, फोटो, सगळं वेबसाइटवर टाकू."

पेन थांबलं.

"पूर्वेकडच्या बुरुजावरचेही?"

"तिथूनच सुरुवात. तिथे एक 'रघुवीर-सुमेधा' लेख आहे, त्याचा काळ अजून ठरायचाय."

सुमेधाताईंनी पेनाला टोपण लावलं. "जाऊ दे. द्वितीय तर द्वितीय. अहो, चला, पोहे गार होतायत."

पोहे संपल्याचा विषय शरदचंद्रांनी काढला नाही. गाडीने महू ओलांडलं. मग ते हळूच म्हणाले, "तो पूर्वेकडचा बुरुज कसा आहे गं?"

"मला काय माहीत?" सुमेधाताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "तिकडे बिबट्या असतो."

अर्ज मात्र अर्धा लिहून झाला होता, आणि अर्धी हरकत पूर्ण धरावी असा नियम आहे. तेव्हा वाचन सुरू झालं असून यादी लवकरच लागेल. आजूबाजूच्या किल्ल्यांचीही कामं काढली आहेत. तुम्ही हसताय, हसा. पण कॉलेजची सहल तुमचीही गेलीच असेल कुठेतरी. यादी एकदा बघून घ्या. घरी कोणी नसताना.