घोड्याला 'अहो' म्हणणारे घरतमामा

घरतमामा घोड्याला 'अहो' म्हणायचे आणि माणसाला 'अरे'. यात कधी चूक व्हायची नाही. पेणच्या बाजारात समोरून मामलेदार आले तरी 'काय रे, कुठं निघालास?' आणि त्यांच्या मागून एखादी लंगडणारी म्हैस आली तर हे अदबीनं बाजूला होऊन 'या बाई, पायाला काय झालं तुमच्या?' मामलेदार रागावत नसत. त्यांचा कुत्रा मामांनीच बरा केला होता, आणि त्या कुत्र्यालाही मामा 'अहो'च म्हणत.

मी एकदा कारण विचारलं. मामा म्हणाले, "जनावराला सांगता येत नाय काय दुखतं ते. आपल्यालाच विचारायला लागतं. मग विचारायचं तर नीट विचारावं." आणि माणसांचं काय, असं म्हटल्यावर म्हणाले, "माणूस न विचारता सांगतो."

मामा पेणच्या गुरांच्या दवाखान्यात तीस वर्षं मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. लोक त्यांना डॉक्टर म्हणायला गेले की ते खवळत. डॉक्टर सुई मारून निघून जातो, मी जनावराजवळ बसतो, असा त्यांचा खुलासा असे. नात्यानं ते आमचे कोणी नव्हेत. आईचं माहेर वडखळजवळच्या खाडीकाठच्या गावातलं, मिठागरवाल्यांचं. मामा त्याच गावचे. म्हणून ते आईचे दादा आणि माझे मामा.

या माणसाचे आमच्या घरावर फार उपकार आहेत. आणि याच माणसाला मी एकदा आमच्या घरातून जवळजवळ घालवून दिलं होतं, तेही आभार मानता मानता. ते सांगायचं तर आधी बादशाचं सांगायला हवं.

तेव्हा कोकण रेल्वे पुढं गेली नव्हती. रोह्याला गाडी संपायची आणि स्टेशनाबाहेर टांगे उभे असायचे. त्यातला एक माझ्या वडिलांचा. घोड्याचं नाव बादशा. वडील गेले तेव्हा मी नागोठण्याला कंपनीत शिफ्ट ड्युटीवर होतो. टांगा हाकायला घरात कोणी उरलं नाही. टांगा अंगणात झाकून ठेवला, बादशा गोठ्यात बांधला, आणि आई माजघरात बसली. ती बाहेर पडेचना. बाजारात नाही, शेजारी नाही, हळदीकुंकवाला तर नाहीच नाही.

महिन्याभरात बादशा गोठा खायला लागला. ही अतिशयोक्ती नाही. आधी त्यानं गव्हाणीची कड खाल्ली, मग दाराची चौकट, मग छपराला आधार देणारी मधली मेढ. आईनं धुऊन उन्हात ठेवलेला पोळपाट त्याच्या तोंडी लागला आणि चतुर्थीच्या चंद्रासारखा होऊन परत आला. मी कडेला पत्रा ठोकला, तर त्यानं पत्रा सोडून शेजारचं लाकूड धरलं. लाल मिरची वाटून मेढीला फासली. त्यानं मिरचीसकट मेढ खाल्ली आणि वर दोन बादल्या पाणी प्यायला. एकानं गळ्याला पट्टा आवळायला सांगितलं, एकानं नजर उतरायला सांगितली. नजर उतरून झाली. उतरताना त्यानं सुपाची कड खाल्ली.

शेवटी मी आईला म्हटलं, दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर माथेरानच्या घोडेवाल्याला देऊन टाकू. त्या दिवशी आई जेवली नाही. वडिलांच्या हातचं म्हणावं असं घरात जिवंत ते एकच उरलं होतं, हे मला कळत होतं. पण गोठा डोक्यावर पडायची वेळ आली होती.

मग आईनंच कोणाबरोबर तरी पेणला निरोप धाडला, आणि एका बुधवारी सकाळच्या पॅसेंजरनं घरतमामा उतरले. अंगात खाकी शर्ट, खांद्याला पिशवी, पिशवीत शाळेतल्या मुलांची असते तसली शंभर पानी वही. मला म्हणाले, "काय रे, बारीक झालास." आणि गोठ्यात जाऊन, हात जोडून, "नमस्कार बादशा. काय त्रास होतो तुम्हाला?"

मी म्हटलं, मामा, वाईट सवय लागलीय त्याला. हा शब्द काढायला नको होता. मामांनी मला तिथंच उभं करून ऐकवलं. सवय वाईट नसते, म्हणाले, दिवस वाईट असतात. तुला कोणी चार महिने खुंट्याला बांधलं तर तू काय करशील? मी म्हटलं, मी लाकूड खाणार नाही. मामांनी माझ्या हाताकडे बोट दाखवलं. मी नखं खात होतो.

त्यानंतर त्यांनी जे केलं त्याला मी उपचार म्हणायला तयार नव्हतो. घमेलं पालथं घातलं, त्यावर बसले आणि दिवसभर घोड्याकडे बघत राहिले. मधे मधे वहीत काहीतरी लिहीत. जेवायला बोलावलं तर ताट तिथंच मागवलं. 'सगळे विचारतात का चावतो; आधी बघा कधी चावतात', हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

अधूनमधून मला बोलावून एकेक गोष्ट विचारत. खायला काय देतोस? मी अभिमानानं सांगितलं की चणे देतो, भुसा देतो, दुःखातल्या घोड्याला काही कमी पडू देत नाही. पेंढा किती? थोडासाच. मामांनी कपाळाला हात लावला. घोड्याला दिवसभर तोंड हलवायला लागतं, चणे पाच मिनिटांत संपतात, मग ते मेढच खाणार. पेंढा सतत पुढं असू दे. चाटायला मीठ ठेव. पिशवीतून त्यांनी गावच्या मिठागरातलं जाड मीठ काढलं, पुरचुंडी बांधून आणलेलं, आणि दोन हातांनी पानसुपारी पुढं करावी तसं बादशापुढं धरलं. बादशानं ते चाटून फस्त केलं.

संध्याकाळची गाडी येऊन गेली आणि मामांनी वही मिटली. आईला माजघरातून हाक मारली. ती उंबऱ्यापर्यंत आली.

"गो सुभद्रे, हे दिवसातून तीन वेळा चावतात. गाडीचा भोंगा झाला की."

रोह्याला गाडी सुरू झाल्यापासून भोंगा वाजला की वडील टांगा जोडत. भोंगा अजून वाजत होता. बादशा कान टवकारून उभा राहायचा, कोणी यायचं नाही, आणि तो समोरचं लाकूड धरायचा. मी रोज ते पाहिलं होतं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. आई तिथंच उंबऱ्यावर बसली आणि रडली. वडील गेल्यापासून पहिल्यांदाच मोकळी रडली.

मामा तिचं रडणं संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "त्यांना रोज सकाळच्या गाडीला स्टेशनावर न्यायचं. टांगा नको, नुसतं न्यायचं, दहा मिनिटं उभं करायचं, आणायचं." मी म्हटलं, माझी शिफ्ट असते, मी कसा नेणार? मामांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "तुला कोण सांगतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पदर खोचून बादशाला घेऊन निघाली. गल्लीतल्या बायका दारात येऊन बघत होत्या. पहिल्या दिवशी ती कोणाशी न बोलता परत आली. चौथ्या दिवशी येताना कोथिंबीर घेऊन आली. आठवड्यानं, टांगेवाल्यांपैकी कोण आजारी आहे आणि कोणाच्या मुलीचं ठरलं, हे मला तिच्याकडून कळायला लागलं. दिवाळीच्या आत तिनं टांगा उघडला, धुतला, आणि स्वतः जोडला. गाडीनं सुकट-बोंबील घेऊन येणाऱ्या बायकांना बाजारात सोडायला लागली. लगाम आईच्या हातात आणि मागं टोपल्या. रोह्यात कोणी असं पाहिलं नव्हतं. दुपारी आणि संध्याकाळी बादशा भोंगा ऐकून मान वर करायचा आणि पुन्हा पेंढ्यात घालायचा. माथेरानचा विषय पुन्हा निघाला नाही.

मामा मात्र दर बुधवारी येतच राहिले. तपासणीला, असं ते म्हणत. स्टेशनावरून आईच्याच टांग्यातून यायचे, बादशाची चौकशी करायचे, मेढीवरून अंगठा फिरवायचे, वहीत लिहायचे आणि मासळीचं जेवून दुपारच्या गाडीनं जायचे. वर्षभर असं चाललं. मला वाटलं, म्हातारा माणूस, केवढा त्रास घेतोय. याची काहीतरी कदर करायला हवी.

मी त्यांचा सत्कार केला. शाल आणली, नारळ आणला, शेजारची चार माणसं बोलावली, कंपनीत युनियनच्या कार्यक्रमात करतात तसं छोटं भाषणही केलं. घोडा आता ठणठणीत आहे, मामांचे आभार मानावे तेवढे थोडेच, यापुढं त्यांना त्रास देणार नाही, त्यांनी आराम करावा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी शाल अंगावर घेतली, नारळ पिशवीत ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे रिटायर केलंस व्हय रे मला?"

मी हसलो. मला तो विनोद वाटला.

पुढच्या बुधवारी मामा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. आई टांगा घेऊन सगळे प्रवासी जाईपर्यंत स्टेशनाबाहेर थांबायची. तिसऱ्या बुधवारीही ती एकटीच परत आली, लगाम सोडला आणि माझ्यावर बरसली. शाल कोणाला देतात रे? जायला निघालेल्या माणसाला. तुझे आभार तुझ्याजवळ ठेव आणि आत्ताच्या आत्ता पेणला जा. नुसतं 'या' म्हटलंस तर तो यायचा नाय. बादशा बिघडला म्हणून सांग.

मी एसटीनं गेलो. मामांच्या घरी मी आधी कधीच गेलो नव्हतो. तेच नेहमी यायचे, म्हणून आम्हाला जावंसं वाटलं नव्हतं. गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीत टोकाला त्यांची खोली. दाराला कुलूप. शेजारी एक कारागीर गणपतीच्या मूर्तीला मातीचे हात बसवत होता. तो म्हणाला, बसा, येतील एवढ्यात, बुधवार आहे ना. मग त्यानंच सांगितलं. मामी जाऊन बारा वर्षं झाली, मूल नाही. बुधवारी सकाळी मामा दाढी करून, खाकी शर्ट घालून, पिशवी घेऊन स्टेशनावर जातात. रोह्याची गाडी येते. गाडी जाते. मग फलाटावर बराच वेळ बसून परत येतात.

"आम्ही विचारलं, गाडी चुकली काय काका? तर म्हणतात, नाय, आज काम नव्हतं."

मी त्या गल्लीत बसून राहिलो. लाज वाटली, एवढंच सांगतो.

मामा आले. मला बघून म्हणाले, "काय रे." एवढंच. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि फळीवर मी दिलेली शाल, प्लास्टिकच्या पिशवीत घडी न मोडलेली. मी आईचा निरोप सांगितला. बादशा परत चावतो.

मामांनी पिशवी खाटेवर ठेवली. मग सावकाश विचारलं, "कधी चावतात?"

"बुधवारी," मी म्हटलं.

मी आयुष्यात इतकं वाईट खोटं बोललो नव्हतो. मामांनी पुन्हा पिशवी उचलली.

आम्ही दुपारच्या गाडीनं रोह्याला आलो. मामा सरळ गोठ्यात शिरले आणि मी त्यांच्या मागोमाग. मधल्या मेढीवर खरोखरच ताज्या खुणा होत्या. घोड्याचे दात लाकूड खरवडून काढतात, कड गोल होते. या खुणा सरळ होत्या, तिरक्या, एकाखाली एक. खाली पांढऱ्या ढलप्या पडल्या होत्या. आई दाराशी उभी होती, दोन्ही हात पदराखाली, आणि पदराखालून कोयत्याची मूठ दिसत होती.

मामांनी अंगठा फिरवला. एक ढलपी उचलून बघितली. बादशा शांतपणे पेंढा खात होता. मी जमिनीकडे बघत राहिलो.

"जुनाट हाय," मामा म्हणाले. "एका खेपेत जायचं नाय. दर बुधवारी बघायला लागेल."

आई म्हणाली, "कितीपण बुधवार लागू दे, दादा. तू ये."

त्यानंतर सहा वर्षं मामा येत राहिले. खुणा जुन्या दिसायला लागल्या की आई मंगळवारी संध्याकाळी कोयता घेऊन गोठ्यात जायची. मामांनी एका शब्दानं विचारलं नाही. ती मेढ अखेर बदलावी लागली. या सहा वर्षांत मी त्यांचे एकदाही आभार मानले नाहीत. मानायला गेलो असतो तर ते पुन्हा पिशवी उचलून निघाले असते. आता मामा नाहीत, त्यामुळे निघून जायची भीती नाही. म्हणून आज मानतो.