बाटलीला मानाचं पान

एका जंगलात, बाळांनो, कोणीही कोणाचं भांडं रिकामं परत करत नसे.

शेजारणीची वाटी आली, की तिच्यात काहीतरी घालूनच ती परत द्यायची, अशी तिथली रीत. मध असेल तर मध घाला. मध नसेल तर चार जांभळं घाला. तीही नसली, तर निदान पाणी घाला. पण रिकामी वाटी? छे छे! रिकामी वाटी परत करणाऱ्याच्या घरात त्या जंगलात कोणी मुलगी देत नसे.

ही रीत नीट लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ तिनंच घातलाय. आणि ए, कोपऱ्यातल्या, नाकातलं बोट काढ बघू. गोष्ट वासाची आहे.

तर त्या जंगलात एक उदमांजर होतं. आईबापांनी हौसेनं नाव ठेवलं होतं सुगंधा. मोठी झाल्यावर सगळे तिला सुगंधाक्का म्हणायचे, आणि म्हणताना तोंड दुसरीकडे फिरवायचे.

उदमांजर तुम्ही पाहिलं नसेल. मांजरापेक्षा लांबडं, मुंगसापेक्षा गुबगुबीत, दिवसभर झाडाच्या ढोलीत घोरणारं. त्याच्या अंगाला एक वास येतो. कसला म्हणाल, तर पातेल्याच्या तळाला लागलेल्या भाताचा. मला विचाराल तर वाईट नाही हो, मला तर भूकच लागते. पण जंगलाला तो वास खपत नसे.

जंगलात पंगत बसली, की कोल्हेतात्या पुढे यायचे. पंगतींची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. नाकाला शेपटी लावून ते गोड आवाजात म्हणायचे, "अक्का, तुम्ही वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसा हं. तुम्हालाच मोकळं वाटेल."

वाऱ्याच्या खालच्या अंगाला म्हणजे कुठे? तर उकिरड्याशेजारी. उष्ट्या पत्रावळी टाकायचे तिथे. वाढपी तिथपर्यंत पोचेपर्यंत खीर संपलेली असायची. मग ते पातेलं खरवडायचे, पानाच्या कडेला काहीतरी टेकवायचे आणि पळायचे.

अक्काला खिरीचं दुःख नव्हतं. तिला दुःख होतं ते आग्रहाचं. बाकी सगळ्यांना वाढपी म्हणायचे, "घ्या हो, एक वाटी घ्याच, आमची शपथ आहे!" आणि ते म्हणायचे, "नको नको, खरंच पुरे!" आणि मग त्यांना वाढलं जायचं. अक्काला जन्मात कोणी आग्रह केला नव्हता. डोहाच्या काठी बसून ती पाण्यातल्या आपल्याच चेहऱ्याला सांगायची, "नको नको, खरंच पुरे!" हात कसा आडवा धरायचा, मान कशी वेळावायची, सगळं तिला पाठ होतं. फक्त वाढणारं कोणी नव्हतं. हसू नका रे. हसण्यासारखं काय आहे त्यात?

असं चाललं असताना वाघोबांच्या घरी सून आली. ती शहरातल्या प्राणिसंग्रहालयातली. दिसायला देखणी, पण माहेरचं कौतुक फार. वर्षभरात तिला बछडा झाला, त्याच्या जावळाचा बेत ठरला, आणि खिरीची चव बघताना सूनबाईंनी पुढचा पंजा कपाळाला लावला.

"हे काय, मामंजी? खिरीत व्हॅनिला नाही?"

"व्हॅनिला म्हणजे कोण?" वाघोबांनी विचारलं. कोणाला मारायचं राहून गेलंय की काय, असं वाटलं त्यांना.

"वास असतो तो! आमच्याकडे नुसत्या हवेतसुद्धा व्हॅनिला असायची. आमच्यासमोर आइस्क्रीमची गाडी उभी राहायची ना!" आणि सूनबाईंचे डोळे भरून आले.

आता वाघाची सून रडली, की जंगलाला काम लागतं. बाजारात जाऊन आणायची सोय नाही, कारण बाजारात वाघोबा गेले की माणसं दुकानं टाकून झाडांवर चढतात. तेव्हा वाघोबांनी दवंडी पिटवली, "जो कोणी व्हॅनिलाचा अर्क घरच्या घरी करून आणील, त्याला जावळाच्या पंगतीत माझ्या शेजारी मानाचं पान!"

दवंडी ऐकली आणि अक्काची झोपच उडाली. वाघोबांच्या शेजारचं पान! तिथे तर वाढपी दर घासाला आग्रह करतात!

ती धावत वानर भाऊसाहेबांकडे गेली. भाऊसाहेब एकदा सहलीच्या बसच्या टपावर बसून तालुक्याला जाऊन आले होते. तेव्हापासून जंगलात कुठल्याही विषयावर त्यांनाच विचारायचा प्रघात होता.

"सोपं आहे," भाऊसाहेब शेपूट खाजवत म्हणाले. "व्हॅनिलाच्या शेंगा उभ्या चिरायच्या. मोहाच्या दारूत बुडवायच्या. बाटली काळोखात ठेवायची. रोज हलवायची. आणि मग थांबायचं."

"कुठवर थांबू?"

"दारू तपकिरी होईपर्यंत."

"आणि वास कसा यायला हवा?"

"व्हॅनिलासारखा," भाऊसाहेब म्हणाले आणि वरच्या फांदीवर निघून गेले. विद्वानांना फार विचारलं की ते वर जातात.

अक्का कामाला लागली. जंगलाच्या कडेला एक बागायत होती. तिथे सुपारीच्या झाडांवर व्हॅनिलाचे वेल चढवले होते आणि काळ्या, सुरकुतलेल्या शेंगा चटईवर वाळत घातल्या होत्या. कुत्र्यांचा डोळा चुकवून तिनं मूठभर शेंगा पळवल्या. पळताना शेपटीचा गोंडा कुंपणात गेला, पण शेंगा सोडल्या नाहीत. अस्वलमामांकडून मोहाची दारू आणली. सहलीवाल्यांनी टाकलेली एक बाटली झऱ्यावर धुऊन घेतली. दातांनी शेंगा चिरल्या, बाटलीत सोडल्या. बाटलीला बूच नव्हतं. तेव्हा तिनं अंगावरचे गळलेले केस गोळा केले, त्यांचा घट्ट बोळा वळला आणि तोच बाटलीच्या तोंडात खुपसला.

मग बाटली पोटाशी धरून ती ढोलीत झोपू लागली. उठली की बाटली हलवायची. हलवली की पुन्हा झोपायची. असा अर्क घालायला हरकत नाही बघा, निम्मं काम झोपेतच होतं.

आणि तेवढ्यात दारात अस्वलमामा उभे.

"सुगंधे, दारू माझी आहे. बघू तरी कशी झालीय. बाटली दे, लगेच परत आणतो."

अक्काच्या दारात आजवर कोणी आलं नव्हतं. काही मागायला तर नाहीच नाही. ती इतकी हरखली, की तिनं बाटली देऊनच टाकली.

मामांनी घरी जाऊन एक घोट घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्यानंतर मोजायचं राहिलं. जाग आली तेव्हा बाटलीत नुसत्या शेंगा. आता रिकामी बाटली परत कशी करायची? मोहाचा हंगाम तर संपलेला. पण मामा रीतीला पक्के. त्यांनी झऱ्याचं पाणी काठोकाठ भरलं, बोळा लावला आणि बाटली परत केली.

"छान मुरतेय," ते डुलत डुलत म्हणाले.

मग ससेबाई आल्या. "अक्का, पोरांना खोकला झालाय. तुमच्या त्या औषधातलं थोडंसं द्या ना." बाटली गेली. सगळ्या पोरांना एकेक चमचा देता देता बाटली निम्मी झाली. ससेबाईंची पोरं तुम्हाला माहीतच आहेत, मोजत बसलो तर गोष्ट राहील बाजूला. ससेबाईंनी चुलीवरचा बाभळीच्या सालीचा काढा बाटलीत ओतला आणि बाटली परत केली.

संध्याकाळी अक्का बघते तर काय, बाटलीतलं पाणी तपकिरी! ती ढोलीतल्या ढोलीत नाचली. डोकं वर आपटलं तरी नाचली.

शेवटी भाऊसाहेब स्वतः आले. "तपासणी करायला हवी," म्हणाले, आणि बाटली घेऊन फांदीवर गेले. तिथे त्यांनी सगळ्या शेंगा काढून एकेक करून चघळल्या आणि चोथा खाली थुंकला. मग त्यांना रीत आठवली. शेंगेच्या बदल्यात शेंग हवी! त्यांनी शेवग्याची एक शेंग तोडली, उभी चिरून बाटलीत सोडली आणि वर शेरा दिला, "उत्तम."

बघा म्हणजे कसं आहे. चोरी कोणी केली नाही. बाटली प्रत्येक वेळी भरूनच परत आली. फक्त तिच्यात आता झऱ्याचं पाणी होतं, खोकल्याचा काढा होता, शेवग्याची शेंग होती, आणि तोंडाला अक्काच्या केसांचा तोच बोळा होता, भिजून भिजून चिंब झालेला.

जावळाच्या दिवशी सकाळी अक्कानं बोळा काढला आणि आत नाक घातलं.

काहीच वास येईना.

तिनं पुन्हा हुंगलं. पुन्हा. काही नाही. कसा येणार? बाटलीत जो वास होता तो तिचाच होता, आणि स्वतःचा वास कोणाला येतो का, बाळांनो? तुमच्या मोज्यांचा तुम्हाला येतो? घरातल्यांना विचारा एकदा.

अक्का हमसून हमसून रडली. कुंपणात गेलेला शेपटीचा गोंडा आठवून रडली, मानाचं पान आठवून रडली. पण आता दुसरा अर्क कुठून आणणार? डोळे पुसून, बाटली काखोटीला मारून ती वाघोबांच्या गुहेकडे निघाली. जे होईल ते होईल.

गुहेपुढे सगळं जंगल जमलं होतं. त्या दिवशी कोणालाही खायचं नाही असं वाघोबांनी जाहीर केल्यामुळे पाहुणे निर्धास्त होते. सूनबाईंनी बाटली घेतली, बोळा काढला आणि डोळे मिटून वास घेतला.

 अक्का पळायला वाट कुठे आहे ते बघायला लागली.

"अगं बाई!" सूनबाई ओरडल्या. "हाच तो वास! अगदी हाच! माझ्या माहेरचा!" आणि बाटली उराशी धरून ढसाढसा रडायला लागल्या.

आता एक गंमत सांगतो, पण कोणाला सांगू नका. प्राणिसंग्रहालयात सूनबाईंच्या पिंजऱ्यासमोर आइस्क्रीमची गाडी उभी राहायची हे खरं. पण गाडीवरची आइस्क्रीम झाकणाखाली. त्यांचा वास कुठला यायला! वास यायचा तो शेजारच्या पिंजऱ्यातून. मध्ये भिंत होती, म्हणून सूनबाईंना शेजारी कधी दिसले नाहीत. तिथे राहायचं एक उदमांजर.

बाटली हातोहात फिरली. "अहाहा!" हरणं म्हणाली. "काय मुरलाय!" अस्वलमामा म्हणाले. "अस्सल घरगुती," भाऊसाहेबांनी निर्वाळा दिला. प्रत्येकानं एकेक थेंब कानामागे लावला. खिरीत तर वाघोबांनी स्वतःच्या पंज्यानं धार धरली. वास एवढा दरवळला, की पलीकडच्या डोंगरावरचे तरस आमंत्रण नसताना आले.

अक्का मानाच्या पाटाकडे निघाली. तिनं हात आडवा धरायची तयारीसुद्धा केली होती.

"अहो अक्का, इकडे कुठे?" कोल्हेतात्या आडवे आले. नाकाला शेपटी होतीच.

"मानाचं पान... दवंडी पिटवली होती ना?"

"पिटवली की! आणि मान दिला की!" तात्यांनी पाटाकडे बोट दाखवलं. पाटावर बाटली बसवली होती. भोवती रांगोळी, पुढे केळीचं पान, बाजूला उदबत्ती. "बाटलीला दिला म्हणजे तुम्हालाच दिला, नाही का? तुमची जागा नेहमीचीच ठेवलीय, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. आणि राग मानू नका, पण आज वास जरा जास्तच येतोय हं तुमचा."

अक्का उकिरड्याशेजारी जाऊन बसली. तिथून तिला सगळं दिसत होतं. वाढपी बाटलीपुढे वाकून म्हणत होते, "घ्या ना, एक वाटी घ्याच, आमची शपथ आहे!" बाटली काही बोलत नव्हती. "लाजतेय," सूनबाई म्हणाल्या, "वाढा अजून!" आणि बाटलीच्या पानात खिरीची तिसरी वाटी पडली.

 इतकं तिला कधीच वाईट वाटलं नव्हतं. अहो, बाटलीला आग्रह!

इतक्यात वाघोबांनी श्लोक सुरू केला. श्लोक म्हणताना सगळ्यांनी डोळे मिटायचे असतात. सगळ्यांनी मिटले. अक्का उठली. पंगतीमधून चालत गेली. पाटावरची बाटली उचलून तिनं उकिरड्याशेजारी आपल्या पानापुढे नेऊन ठेवली. मग परत येऊन पाटावर बसली, बाटलीचा बोळा डोक्यावर ठेवला आणि पाय पोटाशी घेतले.

श्लोक संपला. सगळ्यांनी डोळे उघडले.

कोणालाही काही कळलं नाही. वास तोच होता ना!

कोल्हेतात्या पंगतीवरून नजर फिरवत उकिरड्यापर्यंत गेले. तिथे त्यांनी नाक मुरडलं आणि बाटलीला म्हणाले, "अक्का, अजून जरा लांब सरका बघू. पाहुण्यांना त्रास होतोय."

आणि इकडे वाढपी मानाच्या पानापुढे वाकले. "घ्या हो, अजून एक वाटी! नाही म्हणू नका!"

अक्काच्या ओठांवर शब्द आले. सगळ्या जन्माचे पाठ केलेले. नको नको, खरंच पुरे. हातसुद्धा जरासा उचलला गेला.

पण बाटल्या बोलतात का कधी?

तिनं हात खाली घेतला. ओठ घट्ट मिटले. डोळ्यांतून पाणी आलं, ते खिरीत पडलं.

"बघा, बघा," वाघोबा कौतुकानं म्हणाले, "अर्क पाझरतोय!" आणि त्यांनी पान पुढे करून तिच्या खिरीतली थोडी मागून घेतली.

तात्पर्य: आपला वास लोकांना खपत नसेल, तर अंघोळीच्या भानगडीत पडू नये. तो बाटलीत भरावा आणि घरगुती म्हणून सांगावं. व्हॅनिला घातली नाही तरी चालते. मानाचं पान नक्की मिळतं, फक्त त्यावर बसल्यावर तोंड उघडायचं नसतं.