मामांच्या ट्रेलरला अस्तर

सासऱ्यांचे गुडघे दुकानावरच्या घराचा जिना चढेनासे झाले, तेव्हा शिंप्याने परसातला जुना ट्रेलर दुरुस्त करायला काढला. मोटारीमागे जोडून ओढायचं ते चाकांवरचं घर वीस वर्षं ऊन-पाऊस खात पडलं होतं. "कोट काय, खोली काय, अस्तर चांगलं हवं," असं म्हणत त्याने आतल्या फळ्या उचकटून थर्माकोल बसवला, त्यावर जाड प्लास्टिक ताणलं, सगळे सांधे सिलिकॉनने बुजवले. वारा येतो म्हणून छतातला झरोकाही बंद केला. मुंगीलासुद्धा आत शिरायचं तर दार वाजवावं लागलं असतं.

सासरे राहायला आले. ते निवृत्त मोजणीदार. उभा जन्म लोकांच्या जमिनी मोजण्यात गेलेला. जावयाशी अठरा वर्षांत त्यांचं बोलणं "बरं आहे ना?" आणि "बरं आहे" याच्या पुढे सरकलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिंपी डोकावला, तर सासरे पलंगावर रेनकोट घालून पेपर वाचत होते.

"मामा, थंडी वाजतेय का?"

"छे, छे. अगदी उबदार आहे."

तेवढ्यात छतावरून एक थेंब पेपरावर पडला. सासऱ्यांनी तो बाहीने टिपला आणि पान उलटलं.

शिंप्याचा चेहरा उतरला. त्याने शिडी लावली, वर चढून आणखी सिलिकॉन थापलं.

"काल तासाला अकरा थेंब होते," दुसऱ्या दिवशी सासरे संकोचाने म्हणाले, "आज चोवीस झाले."

त्याने ताडपत्री बांधली. भिंतींना घाम फुटला. रोज तो दोन-दोन तास आत बसून गळती शोधायचा. बिचाऱ्याला तरतरी यावी म्हणून सासरे स्टोव्हवर चहा ठेवायचे. पाणी आणखी वाढायचं.

शेवटी बायको वैतागली. "अहो, गेल्या आठ दिवसांत पाऊस तरी पडलाय का?"

दोघा पुरुषांनी दारातून डोकं बाहेर काढून आभाळाकडे पाहिलं.

मग शेजारचा फ्रिज मेकॅनिक आला. त्याने भिंतीवरून बोट फिरवलं. "हे पाणी बाहेरचं नाहीच. हा तुमचा श्वास आहे, आणि तुमचा चहा. वाफेला बाहेर पडायला वाट कुठं ठेवलीत?"

शिंप्याने झरोका आपल्या हाताने कापून मोकळा केला. शिवलेला कोट उसवताना जीव तुटतो, तसा त्याचा तुटला. संध्याकाळपर्यंत भिंती कोरड्या झाल्या.

त्यानंतर चार दिवस तिकडे जायचं कारणच उरलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी सासरे काठी टेकत दुकानाच्या दारात येऊन उभे राहिले.

"जावईबापू, जरा येता का? गळतंय."

शिंपी कात्री टाकून धावला. छत कोरडं, भिंती कोरड्या, गादी खडखडीत. टेबलावर दोन कप मांडलेले.

"मामा, कुठं गळतंय?"

"आत्ता थांबलंय," सासरे गंभीरपणे म्हणाले. "पण भरवसा नाही."

शिंप्याने छताकडे नीट निरखून पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"खरंय," तो म्हणाला. "दोन तास तरी लक्ष ठेवायला हवं."